हिवाळ्यात एडिनबराहून एक दिवस पक्षी बघायला: मसलबरा, अ‍ॅबरलेडी आणि जवळची लॉख

गवताळ_पाय
जानेवारीच्या उत्तरार्धात एडिनबराहून एक दिवस किनाऱ्यावर पक्षी बघायचे आहेत. गाडी नाही, बसनेच. ८×४२ दुर्बीण आहे, स्कोप (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) एका दिवसापुरता मिळेल. भिगवणची बदकं आणि उरणचे किनारपक्षी बऱ्यापैकी ओळखता येतात. समुद्रातली बदकं, डायव्हर, ग्रीब या बुडी मारणाऱ्या पक्ष्यांत मात्र पाटी कोरी. मसलबरा, अ‍ॅबरलेडी आणि डडिंगस्टन लॉख (म्हणजे तळं) ही तीन नावं सगळे सांगतात. तिन्ही एका दिवसात बसतात का? कोणत्या क्रमाने?

खाडीकाठ
क्रम भरती ठरवेल. आधी एडिनबराच्या लीथ बंदराचं भरतीचं कोष्टक उघडा, मग बसचं वेळापत्रक. नवे लोक नेमकं उलट करतात आणि "मसलबराला काहीच नव्हतं" म्हणत परततात.

कारण सरळ आहे. ओहोटीला फर्थ ऑफ फोर्थ या खाडीच्या कडेने वाळू आणि चिखल दूरवर उघडा पडतो. टिलवे, डनलिन, नॉट, गॉडविट, कोरल सगळे त्यावर पांगून चरतात, स्कोपमधूनही तांदळाएवढे दिसतात. पाणी चढू लागलं की चरायची जागा आक्रसते आणि पक्षी काठाकडे ढकलले जातात. मसलबराला ते शेवटी समुद्रभिंतीवरून उडून आतल्या उथळ तळ्यांवर विसाव्याला येतात. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी एस्क नदीच्या मुखाशी उभं राहायचं आणि शेवटच्या तासाला तळ्यांवरच्या लपणात जाऊन बसायचं. भरतीनंतर तासाभराने तिथला खेळ संपतो.

२० जानेवारीच्या सुमारास सूर्योदय साधारण ८:३०ला, सूर्यास्त ४:२०च्या आसपास. म्हणजे पावणेआठ तास हातात, आणि शेवटचा पाऊण तास अ‍ॅबरलेडीच्या हंसांसाठी राखून ठेवायचा. मधल्या वेळेत भरती पडली तर मसलबरा आणि अ‍ॅबरलेडी दोन्ही होतात. तीन ठिकाणांचा हट्ट धरू नका.

टिलवा
मधल्या वेळेत म्हणजे नेमकी किती वाजता? आणि अशी तारीख कोष्टकाची पानं न चाळता कशी काढायची?

अर्धी_ओहोटी
११ ते १च्या दरम्यानची भरती सर्वांत सोयीची.

तारीख काढायला आपला कोकणातला हिशेब इथेही चालतो, फक्त वर तीन तास घालायचे. मुंबई-रायगडकडे तिथीला पाऊणाने गुणतात: अष्टमी म्हणजे ८ गुणिले पाऊण, सहाची भरती. लीथला त्यात तीन तास मिळवले की नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा अधिक तीन, म्हणजे सव्वादोन-अडीच. यावरून एकादशी ते त्रयोदशी, पक्ष कोणताही, भरती साधारण ११ ते १ला येते. हा फक्त शनिवार निवडण्यापुरता अंदाज आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, तेव्हा नेमकी वेळ कोष्टकातूनच घ्या.

उंचीही बघा. उधाणाला लीथला पाणी साडेपाच मीटरच्या वर जातं, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी चढणाऱ्या भरतीला साडेचारच्या आसपास अडतं. भांगाच्या दिवशी सगळा चिखल बुडतच नाही. मग पक्ष्यांना उठायचं कारण राहत नाही आणि तळी रिकामी राहतात. अष्टमी-नवमीला सकाळी नऊची भरती कागदावर छान दिसते, पण फसवते ती याचमुळे.

आणखी एक. हिवाळ्यात कोष्टकातली वेळ आणि घड्याळातली वेळ एकच असते. मार्चअखेर घड्याळं एक तास पुढे जातात. काही कोष्टकं तो तास धरतात, काही धरत नाहीत. वरचा मथळा वाचा.

खाडीकाठ
एकादशीचा सल्ला पटला. पंढरीची वारी नाही तर मसलबराची.

मार्ग लिहितो. एडिनबराहून २६ किंवा १२४ नंबरची बस. कार्ड टेकवलं की काम होतं. रोख द्यायची तर नेमकी रक्कम हवी, सुटे परत मिळत नाहीत. मसलबरामध्ये उतरून एस्कच्या पूर्व काठाने समुद्राकडे चालत जायचं, पंधरा-वीस मिनिटं. नदीतच सुरुवात होते: गूसँडर, गोल्डनआय, तरंग बदकं, मुखाशी कालवफोडे आणि टर्नस्टोन. मुखापासून पूर्वेला काँक्रीटची समुद्रभिंत लागते. तिच्या आत जी जमीन आहे ती कोकेन्झीच्या वीज केंद्राच्या राखेने भरलेली. केंद्र २०१३ साली बंद झालं, २०१५ साली चिमण्या पाडल्या. राखेच्या काही तलावांची पक्ष्यांसाठी उथळ तळी झाली. इथले लोक त्यांना स्क्रेप म्हणतात. त्यांच्यासमोर काँक्रीटची लपणं आहेत. दार नाही, हीटर नाही, वारा आरपार.

भिंतीवरून समुद्र उत्तरेला आहे, म्हणजे सूर्य दिवसभर तुमच्या पाठीशी. ही मसलबराची खरी श्रीमंती. जानेवारीत इथे सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून १४ अंशांच्या आसपासच असतो. तो समोर असेल तर काळं पाणी आणि काळे ठिपके, बाकी काही नाही.

वारा दक्षिण किंवा नैर्ऋत्येचा असेल तर भिंतीलगतचं पाणी शांत मिळतं. उत्तर किंवा ईशान्येचा असेल तर लाटांच्या घळीत पक्षी दिसतो न दिसतो. अशा दिवशी भिंतीवर वेळ न घालवता सरळ स्क्रेप गाठा.

पाणकावळी
समुद्रातल्या पक्ष्यांचा भाग मी घेते. चूक जिथे होते तेवढंच सांगते, बाकी पुस्तकात आहे.

*स्कोटर.* काळी बदकं, थव्याने, दूरवर. कॉमन स्कोटर आणि व्हेल्व्हेट स्कोटर एकत्र असतात. व्हेल्व्हेटच्या पंखावर पांढरा पट्टा असतो, पण बसलेल्या पक्ष्यात तो बहुतेक वेळा झाकलेला असतो. लोक दहा सेकंद बघून "सगळे कॉमन" म्हणतात आणि पुढे सरकतात. थव्यावर स्कोप लावून किमान पाच मिनिटं थांबा. कोणी ना कोणी पाण्यावर उभं राहून पंख फडफडवतं, तेव्हा पांढरं चमकतं. बुडी मारण्याची तऱ्हाही वेगळी आहे: कॉमन स्कोटर पंख मिटून, जराशी उडी घेऊन बुडतो, व्हेल्व्हेट पंख अर्धवट उघडून. सवय झाली की दूरवरूनही एवढं पुरतं.

*डायव्हर.* हिवाळ्यात तिन्ही जाती राखी-पांढऱ्या. रेड-थ्रोटेड सर्वांत जास्त दिसतो: बारीक चोच, ती किंचित वर उचललेली, चेहरा फिका. ग्रेट नॉर्दर्नची चोच जाड कट्यारीसारखी, कपाळ उभं, मानेवर काळसर अर्धा गळपट्टा. ब्लॅक-थ्रोटेड या किनाऱ्यावर कमी. पाण्यालगत मागच्या बाजूला पांढरा ठिपका दिसला तरच त्याचं नाव घ्या. आणि दरवेळी आधी पाणकावळा नाही ना याची खात्री करा. तोही खोल बसून चोच वर धरून पोहतो, पण चोचीच्या टोकाला आकडा असतो आणि बुडताना तो उसळी घेतो. डायव्हर आवाज न करता नुसता आत सरकतो.

*ग्रीब.* आपली टिबुकली डोळ्यांसमोर आणा, जरा मोठी करा. स्लाव्होनियन ग्रीबचा गाल स्वच्छ पांढरा, काळी टोपी डोळ्याच्या रेषेत सरळ कापलेली, डोळा लाल. ब्लॅक-नेक्डचा गाल मळकट, कपाळ उंच, चोच वर वळलेली. स्लाव्होनियनसाठी मसलबरापेक्षा गॉसफर्ड बे आणि फर्नी नेस चांगलं. १२४ तिथूनच जाते, पण उतरलात तर अ‍ॅबरलेडीचा वेळ जातो.

*लाँग-टेल्ड डक.* लहान, पांढरट, सतत बुडीत. एका वेळी थव्यातला निम्मा भाग पाण्याखाली असतो. एकदा मोजून आकडा लिहू नका, तीन-चार वेळा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा.

गवताळ_पाय
एवढं कोणी सांगितलं नव्हतं. टिलवे, कोरल, डनलिन तर उरणला दिसतात, तेव्हा स्क्रेपवर अडचण येऊ नये. की येईल?

पाणकावळी
येईल, नॉटमुळे. हिवाळी नॉट राखी, गोल, आखूड मानेचा, पाय हिरवट. डनलिनच्या जवळजवळ दीडपट अंगाचा. पण शेजारी डनलिन नसेल तर आकार कळत नाही, तेव्हा चोच बघा: नॉटची सरळ आणि आखूड, डनलिनची लांब आणि टोकाला खाली झुकलेली. गॉडविटमध्ये पाठीवर रेघा असतील तर बार-टेल्ड, पाठ एकरंगी राखी असेल तर ब्लॅक-टेल्ड. झोपलेल्या थव्यात चोच पिसांत खुपसलेली असते. मग पाठच बघायची.

सगळा थवा एकदम उठला तर आधी आकाशात बघा, खाली नाही. बहुतेक वेळा बहिरी ससाणा असतो. वर काहीच नसेल तर भिंतीवर कोणीतरी कुत्रा सोडलाय.

तिकाटणं
सामानाबद्दल.

स्कोप २०-६० झूमचा असला तरी ३०च्या पुढे जाऊ नका. वारा असताना मोठं करून थरथर तेवढी मोठी होते. ट्रायपॉडचे खालचे पाय उघडू नका, मधली दांडी वर काढू नका. भिंतीच्या आडोशाला बसून बघा. ट्रायपॉडच्या आकड्याला पाठपिशवी लटकवायची तर ती जमिनीला टेकेल इतकी खाली बांधा. अधांतरी ठेवली तर वाऱ्याने झुलते आणि उलट हलवते.

नेत्रभिंगावर धुकं धरतं ते श्वासाने. मफलर नाकावर ओढला की श्वास सरळ वर भिंगावर जातो. डोळा लावण्याआधी मफलर हनुवटीखाली घ्या. दुर्बीण जॅकेटच्या आत ऊबेला ठेवू नका. गार झालेली काच आत घेतली की तिच्यावर अंगाची दमट वाफ बसते. ती बाहेरच गार राहू द्या. कॅमेऱ्याची जादा बॅटरी मात्र आतल्या खिशात.

कपडे: तापमान ५ अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर अंगाला शून्य लागतं, आणि तुम्ही चालत नसता, उभे असता. पुण्याच्या थंडीचा अनुभव इथे कामाचा नाही. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. हातात पातळ मोजे, वरून बोटं उघडणारे जाड मोजे. फोकसचं चाक जाड मोज्याने फिरत नाही. लपणातल्या बाकावर टाकायला फोमचा तुकडा न्या. थंडी काँक्रीटमधून वर चढते, आणि पक्षी यायच्या ऐन वेळी माणूस उठून जातो.

टिलवा
डडिंगस्टन कोणीच बोलत नाही. सकाळी तासभर तिथे काढून मग मसलबरा का नको? शहरातच तर आहे.

खाडीकाठ
कारण प्रकाश. होलीरूड पार्कच्या रस्त्यावरून किंवा डडिंगस्टन गावाच्या बाजूने बघाल तर लॉख दक्षिणेला येतं, सूर्य सरळ डोळ्यांत. स्वच्छ ऊन असेल तर शेंडी बदक आणि लालसरी दोन्ही काळ्या सावल्या. ढगाळ दिवशी जा.

अर्धी_ओहोटी
यात थोडी भर, थोडा विरोध. सूर्य उगवून वर येईपर्यंत, साडेआठ ते साडेनऊ, प्रकाश आग्नेयेकडून तिरपा असतो आणि बराच भाग दिसतो. करडे बगळे, ग्रेलॅग हंस, वारकरी, शेंडी बदकं सहज. काठाच्या वेताच्या बेटात हिवाळ्यात कधीकधी बिटर्न असतो, पण तो दिसणं नशिबाचा भाग. लॉख आणि लगतचं बॉसिंच स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्टचं राखीव क्षेत्र आहे. पार्कातली बाकीची दोन, सेंट मार्गारेट आणि डन्सापी, माणसांनी केलेली तळी आहेत. तिथे हंस-बदकं पावाची वाट बघत असतात, फार वेळ देऊ नका.

सलग दोन-तीन रात्री तापमान शून्याखाली गेलं असेल तर डडिंगस्टन कटाप. उथळ पाणी गोठतं, पाणबदकं उघड्या पाण्याकडे सरकतात. त्याच दिवसांत मसलबराला एस्कच्या मुखाशी गर्दी वाढते, कारण खारं आणि वाहतं पाणी गोठत नाही. थंडीची लाट आली की लॉख सोडा, मुख धरा.

तिकाटणं
आणि उच्चार "लॉख". शेवटी आपला ख, घशातून घासून. "लॉक" म्हटलं की इथला माणूस कुलूप समजतो. मराठी जिभेला हे इंग्रजांपेक्षा सोपं आहे. अ‍ॅबरलेडीपुढच्या Gullane गावाचं नाव गलन की गिलन यावर मात्र इथल्या लोकांचंही एकमत नाही, तेव्हा बसचालकाला काहीही सांगा.

गवताळ_पाय
समजा द्वादशी, भरती १२ला. मसलबरा १०:१५ ते १:१५. पुढे?

खाडीकाठ
स्क्रेप आटोपले की मागे मसलबराला येऊ नका. भिंतीने तसंच पूर्वेला प्रेस्टनपॅन्सकडे चालत राहा आणि तिथून १२४ घ्या, अ‍ॅबरलेडी गावात उतरा. जेवण सोबत ठेवा. स्वच्छतागृहाचं मसलबरा गावातच बघून घ्या, भिंतीवर सोय नाही.

गावाच्या टोकाला वॉटरस्टन हाऊस आहे, स्कॉटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स क्लबचं मुख्य ठिकाण. क्लब १९३६ सालचा. अलीकडे काय दिसलं हे तिथे कळतं. आठवड्यातले सगळे दिवस उघडं असतं असं धरून जाऊ नका.

रस्त्याने पूर्वेला पंधरा मिनिटांवर लाकडी पादचारी पूल लागतो, पेफर ओढ्यावर. पलीकडे अ‍ॅबरलेडी बे. १९५२ साली घोषित झालेलं, ब्रिटनमधलं पहिलं स्थानिक निसर्ग राखीव क्षेत्र. कुत्र्यांना बंदी. पुलावर घाई करू नका. ओढ्याच्या कडेला टिलवे, चक्रांग, कधी ग्रीनशँक अगदी जवळ, दुर्बिणीच्या टप्प्यात. पूल ओलांडून पायवाटेने पंधरा मिनिटांवर मार्ल लॉख. लहान आहे, दहा मिनिटं पुरतात. त्यापेक्षा भोवतालची सी-बकथॉर्नची जाळी बघा. नारिंगी फळं शिल्लक असतील तर फील्डफेअर आणि रेडविंग हमखास. जाळीला काटे आहेत, आत शिरायचा मोह नको.

वाट पुढे गलन पॉइंटकडे जाते. तिथून स्कोटर, डायव्हर पुन्हा बघता येतात. पण थांबत-थांबत जायला-यायला दोन तास लागतात. तुम्हाला ते बसणार नाही. साडेतीनला पुलाजवळ परत या.

पाणकावळी
संध्याकाळचे हंस म्हणजे पिंक-फूटेड गीस, आइसलँड आणि ग्रीनलँडहून आलेले. दिवसा शेतात चरतात, अंधार पडताना खाडीच्या वाळूवर रात्र काढायला येतात. इथली मोठी गर्दी शरद ऋतूतली. जानेवारीत संख्या कमी असते, कधी फार कमी. येतात सूर्यास्ताच्या आसपास आणि नंतर अर्धा तास. आधी आवाज येतो, मग दक्षिणेकडून रांगा. साडेचारला निघून जाणारे लोक त्यांना चुकतात.

उजेड असताना एखादा थवा शेतात सापडला तर पायांवरून ओळखू नका. ग्रेलॅगचे पायही गुलाबीच. डोकं आणि चोच बघा: पिंक-फूटेडचं डोकं गडद, चोच आखूड, काळी आणि मध्ये गुलाबी पट्टी, ग्रेलॅगची चोच मोठी, नारिंगी. शेतात पांढरं काही दिसलं तर हूपर स्वानची शक्यता धरा. चोचीवर पिवळं टोकेरी पाचर असेल तर हूपर, नारिंगी चोच आणि वर काळी गाठ असेल तर म्यूट.

पुलावरून पश्चिमेकडे बघताना दुपारनंतर प्रकाश डोळ्यांत येतो. सूर्य बुडाल्यावर त्याचाच फायदा होतो. लाल आकाशावर रांगा स्पष्ट उठतात.

अर्धी_ओहोटी
दोन गोष्टी, मग गप्प बसतो.

खाडीत ओहोटीला वाळूवर दुसऱ्या महायुद्धातल्या दोन छोट्या पाणबुड्यांचे सांगाडे दिसतात आणि लोक चालत निघतात. भरती १२ला असेल तर ओहोटी सहाच्या पुढे-मागे, म्हणजे तुम्ही असाल तेव्हा पाणी उतरत असेल; पण ते अंतर अंधारात परत यायचं नाही. शिवाय तुम्ही वाळूवर असाल तर हंस उतरत नाहीत, वरूनच वळतात. भरतीच्या वेळी खाऱ्या गवतातले ओहोळ मागून भरतात, समोरून नाही. वाटेवरच राहा.

मेलेला पक्षी सापडला तर हात लावू नका, बर्ड फ्लू असू शकतो. ठिकाण नोंदवून सरकारी हेल्पलाइनला किंवा संकेतस्थळावर कळवा.

गवताळ_पाय
हंस बघून पाच वाजतील, मिट्ट काळोख. पुलापासून गावापर्यंत चालत आलं की थांबा कोणत्या बाजूचा?

तिकाटणं
एडिनबराकडे जाणारी १२४, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलात तर डाव्या हाताची बाजू. पूल ते गाव रस्त्याकडेने यायचं आहे आणि गाड्या वेगात असतात. डोक्याला टॉर्च लावा, पाठपिशवीवर चकाकणारी पट्टी. टॉर्च पुलावर मात्र लावू नका, लाल दिवा असेल तर तोच वापरा. बस दिसली की हात दाखवा. अंधारात गडद जॅकेट घालून थांब्यावर नुसतं उभं राहिलं तर चालकाला दिसत नाही, आणि पुढची गाडी किती वेळाने आहे ते सकाळीच फोनवर बघून ठेवा. तिथे थांबून गोठण्यात अर्थ नाही.